पाण्यावरचा दिवा

मराठीच्या प्राध्यापकाला दिव्यावर बोलायला सांगावे. दिवा करायला सांगू नये. संतांनी दिव्याचे दृष्टांत दिले, कवींनी पणतीला कवितेत बसवले, म्हणीने त्याच्याखालचा अंधार दाखवला. या साऱ्यावर मी घड्याळी पाऊण तास न अडखळता बोलू शकतो. पण गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या दुपारी आमच्या चिरंजीवांनी सुट्टीतल्या अभ्यासाची वही माझ्यापुढे आणून ठेवली आणि माझे सारे वक्तृत्व आटले. वहीत लिहिले होते, 'घरातल्या वस्तूंपासून तेलाचा दिवा तयार करा. तो किमान एक तास जळला पाहिजे.'

त्या एका तासाने आमचा घात केला.

गेल्या वर्षीची आमची दिवाळी तशी दिवाळी नव्हतीच. श्रावणात वडील गेले. वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून आकाशकंदील माळ्यावरच राहिला आणि चकलीचा सोऱ्या फडताळातून बाहेर आला नाही. शेजारच्या बिऱ्हाडांतून फराळाची ताटे येत, तेवढाच काय तो सण. आई आपल्या खोलीत खिडकीशी बसून असे. विचारल्या प्रश्नाला उत्तर देई, त्याहून अधिक शब्द नाही. जन्मभर दुपारची जेवणे आटोपली की कापसाचा डबा घेऊन वाती वळत बसणारी ही बाई. पण श्रावणापासून तिने त्या डब्याला हात लावला नव्हता. देवापुढच्या निरांजनासाठी सौ. बाजारातून वातींची पुडी आणू लागली. आईने ती पुडी पाहिली आणि काहीच बोलली नाही. एरवी असल्या पुडीवर तिने आठवडाभर टीका केली असती. तिचे ते न बोलणेच आम्हा दोघांना फार लागले.

अशा घरात आम्ही बापलेक दिवा करायला बसलो. पणतीत तेल घातले तर तो 'तयार केलेला' दिवा होत नाही, असे चिरंजीवांचे मत पडले. तेव्हा मला कोकणातल्या चुलत्यांकडची चिमणी आठवली. शाईची रिकामी दौत, झाकणाला भोक, त्यातून ओवलेली चिंधीची वात आणि आत रॉकेल. दौत आता कुठली मिळायला! खोकल्याच्या औषधाची उंच बाटली मिळाली. पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडले, जुन्या बनियनची चिंधी वळून आत सोडली. रॉकेल घरातून केव्हाच हद्दपार झालेले. म्हणून शेंगदाण्याचे गोडेतेल ओतले आणि काडी ओढली.

चिमणी पेटली! चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या आणि घड्याळ लावले. दोन मिनिटांत ज्योत मिणमिणू लागली, मग नुसती चिंधीच जळू लागली, खोलीभर धूर झाला आणि दिवा गेला. वात वर ओढली, खाली सारली, तेल वाढवले. चौथ्या खेपेला बाटली कलंडली आणि तेलाचा ओघळ टेबलावरच्या उत्तरपत्रिकांपर्यंत पोचला. तेल तर गेले होतेच. आता तूप जाऊन हाती धुपाटणे येणे तेवढे राहिले होते.

धुराच्या वासाने आई दारात येऊन उभी राहिली. आपण होऊन ती त्या खोलीत आली, त्याला दोन महिने तरी लोटले असतील.

"काय चाललंय रे?"

चिरंजीवांनी सारी हकीकत सांगितली. तिने बाटली उचलली, उजेडात धरली आणि माझ्याकडे पाहिले.

"गोडेतेल घातलंस ना? ते रॉकेलसारखं इतकं उंच चढतं होय? पणतीची वात तेलात लोळत असते, ती काय उगीच?"

एम. ए. च्या अभ्यासक्रमात हा मुद्दा नव्हता. पुढे मी आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले, तेव्हा त्यांनी आईचेच म्हणणे शास्त्राच्या भाषेत सांगितले. वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल वर चढते, ते केशाकर्षणाने. रॉकेल पातळ असते, ते सरसर चढते. गोडेतेल दाट, त्याची चाल मंद. म्हणून गोड्या तेलाच्या दिव्यात ज्योत तेलाच्या अगदी जवळ असावी लागते. शिवाय खरे जळते ते तेल नव्हेच, ज्योतीच्या उष्णतेने होणारी तेलाची वाफ. ती पुरेशी मिळाली नाही की वात स्वतःलाच जाळून घेते. मायकेल फॅरडेने १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, त्यांत हेच समजावले होते. आमच्या घरी तेच काम आईच्या एका वाक्यात झाले.

माझी बाटली कलंडली तेव्हा आत गोडेतेल होते, हेही नशीबच. पेटलेली रॉकेलची चिमणी कलंडली म्हणजे काय होते, ते श्रीलंकेतल्या डॉ. विजय गोडाकुंबुरा या शल्यवैद्यांनी रुग्णालयात भाजून आलेल्या माणसांत पाहिले होते. म्हणून १९९२ साली त्यांनी बसका, जाड काचेचा, आट्यांच्या झाकणाचा दिवा केला. आडवा झाला तरी गडगडू नये म्हणून त्याच्या दोन बाजू सपाट ठेवल्या. तेव्हा हौसेने दिवा करणाऱ्याने रॉकेलच्या वाटेला जाऊच नये.

"जाड काचेचा पेला आण," आई नातवाला म्हणाली. "थर्मासचं जुनं बूच असेल बघ खणात. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आण. आणि माझा कापसाचा डबा."

शेवटचे शब्द ऐकून सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. डबा तिनेच आणून दिला.

आईने पेल्यात दोन तृतीयांश पाणी भरले. त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच तेल सोडले, अर्ध्या पेराइतका थर होईल एवढेच. माझ्याकडून बुचाची पातळ चकती कापून घेतली, तिला मधोमध भोक पाडायला लावले आणि बूच जळू नये म्हणून वरून चंदेरी कागद बसवला. मग तिने कापूस हातात घेतला. सरकी काढली, पेळू पिंजला, दुधाचे बोट लावून वात वळली. हात थोडे कापत होते, पण वात सरळ आली. वात आधी तेलात भिजवली, मग भोकातून ओवली. वर तांदळाच्या दाण्याएवढी, खाली तेलात बुडेल इतकी.

"पाण्याला टेकू द्यायची नाही," ती नातवाला सांगत होती. "पाणी प्याली की तडतडते आणि पेटत नाही."

"आजी, हे तुला कोणी शिकवलं?"

"माझ्या आजीनं. पानशेतच्या वेळी."

आईचे माहेर नारायण पेठेतले, एवढे मला ठाऊक होते. पुराची गोष्ट मात्र तिने कधी नीट सांगितली नव्हती. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. आई तेव्हा अकरा वर्षांची. अंगावरच्या कपड्यांनिशी सारे घर पर्वतीच्या बाजूला एका नातेवाइकांकडे गेले. वीज नाही, रॉकेल संपलेले, आणि दोन खोल्यांत चौदा माणसे.

"तेल वाटीभरच होतं," आई म्हणाली. "स्वयंपाकाला ठेवायचं की दिव्याला? आजीनं काचेचा पेला घेतला. म्हणाली, पाण्यानं घर नेलं, आता दिवा धरायलाही पाण्यालाच लावू. खाली पाणी असलं की चार चमचे तेलसुद्धा वर काठाशी येतं, आणि उजेड दूर जातो. त्या उजेडात तिनं आम्हा सगळ्यांची तोंडं मोजली. चौदा भरली, तेव्हा जेवायला वाढलं."

खोलीत कोणी काही बोलले नाही. चिरंजीवांनी काडीची पेटी पुढे केली, पण मीच चाचरलो. "आई, यंदा सण नाही ना आपल्याला? लावू ना?"

"आजचा दिवा सणाचा कुठाय? यमाचा आहे तो," आई म्हणाली. "घरातल्यांना अपमृत्यू येऊ नये म्हणून लावतात. हा तर लावायलाच हवा."

तिने स्वतः दिवा लावला. ज्योत पाण्यावर किंचित डुलली आणि स्थिरावली. यमदीपाचे तोंड दक्षिणेला असावे लागते हे चिरंजीवांना ठाऊक होते. ते पेल्याभोवती फिरून आले.

"आजी, याला तोंडच नाही! दक्षिणेकडे कसं करायचं?"

"याला सगळीकडेच तोंड आहे. दक्षिणेच्या खिडकीत ठेव म्हणजे झालं. पडदा मात्र बांधून घे हो."

दक्षिणेची खिडकी म्हणजे तिचीच. चिरंजीवांनी पेला तिथे ठेवला आणि दर दहा मिनिटांनी वहीत नोंद केली. एक तास झाला, दोन झाले. तो वही उशाशी घेऊन झोपला. आई खिडकीशी बसली होती, मी तिच्या पायाशी. वडिलांविषयी ती त्या रात्री पहिल्यांदा बोलली. काय बोलली, ते इथे लिहिण्याजोगे नाही. घराघरांतून जे बोलतात तेच. मध्यरात्रीच्या सुमाराला तेल सरले, वात पाण्याला टेकली, दोनदा तडतडली आणि दिवा आपोआप शांत झाला. फुंकर घालावी लागली नाही.

सकाळी मी चहा घेत होतो, तेव्हा देवघरातून आईचा आवाज आला. सौ.ने आणलेली पुडी तिच्या हातात असावी.

"अगं, या काय वाती म्हणायच्या? कापूस आहे की काथ्या? किती रुपये दिलेस याला?"

सौ.ने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते.

"चुकलंच माझं, आई," ती आत वळून म्हणाली. "आता नाही आणायची."