निवळशंखाचा सोस

माणसाच्या पाच इंद्रियांत डोळा हा सगळ्यांत आगाऊ. अन्नावर पहिला हक्क नाकाचा आणि जिभेचा. पण हा मध्येच लुडबूड करतो. ह्याला तांदूळ पांढराशुभ्र लागतो, म्हणून गिरणीत तांदळाची साल निघेपर्यंत त्याला पॉलिश करतात. ह्याला गूळ सोन्यासारखा पिवळा लागतो, म्हणून गुऱ्हाळाच्या काहिलीत हायड्रॉसची पूड पडते आणि काळसर, चांगला गूळ बाजारात तोंड लपवून बसतो. जीभ बिचारी मागच्या बाकावरच्या मुलासारखी. तिला कोणी विचारत नाही. ह्या डोळ्याचा उच्छाद बिअरच्या पेल्यात तर कळसाला पोचला आहे, आणि त्याविरुद्ध आज मला चार शब्द बोलायचे आहेत.

बिअरचं नाव काढताच भुवया उंचावू नका. मी महिन्याकाठी एखादी बाटली, तीही कुणी आग्रह केला तर, घेणारा माणूस आहे. आग्रह करणारे भेटतात, हा माझा दोष नव्हे. ज्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण तांदूळ आणि गूळ तर तेही खातातच.

माझं भांडण आहे ते "बिअर आरपार दिसलीच पाहिजे" म्हणणाऱ्यांशी. ह्या लोकांना पेल्याच्या पलीकडे धरलेलं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. अरे, वर्तमानपत्र वाचायचं असेल तर पेला बाजूला ठेवा ना!

ह्या पंथाचा एक कट्टर अनुयायी माझ्या घरातच निघाला. माझा भाचा कोलोरॅडोत असतो. अमेरिकेत 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरच्या घरी, घरापुरती बिअर करायला लोकांना मोकळीक मिळाली. (आपल्याकडे हा उद्योग विनापरवाना केला, तर 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो आणि बिअर निवळायच्या आत माणूसच आत जातो.) भाच्याच्या गॅरेजमध्ये मोटारीऐवजी पातेली, नळ्या आणि मोठमोठ्या बरण्या आहेत. एका खेपेला एकोणीस लिटर बिअर. दीड महिना मी त्याच्याकडे होतो, तेव्हा हा सगळा संसार जवळून पाहिला. हा गृहस्थ बिअर तयार झाली की चाखायचा नाही. पेला खिडकीपाशी नेऊन, एक डोळा मिटून, सराफ हिरा पारखतो तसा बघायचा. जरा धूसर दिसली की चेहरा उतरला. "मामा, गढूळ झाली हो!" मी चाखून बघायचो. उत्तम! पण माझी साक्ष जिभेची, म्हणून ती नामंजूर. एकदा तर सगळी एकोणीस लिटर मोरीत ओतायला निघाला होता. मी दारात उभा राहिलो म्हणून वाचली.

आता हा गढूळपणा म्हणजे असतो तरी काय? त्याच्या मुख्य चार जाती आहेत, आणि चारही जातींना एकाच काठीनं झोडपणं हा शुद्ध अन्याय आहे.

पहिला पिठाचा. मोड आणून वाळवलेले सातू भरडून साधारण 65 ते 67 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. त्यात पिष्टाची साखर होते. हे काम अर्धवट राहिलं तर पिष्ट उरतं आणि बिअर पेजेसारखी दिसते. ह्याची परीक्षा तुम्ही-आम्ही शाळेत बटाट्यावर केलेली आहे : आयोडीनचा थेंब टाका, निळंकाळं झालं तर अजून थांबा.

दुसरा यीस्टचा. साखरेची दारू करून हे जीव दमतात आणि तळाशी जाऊन बसतात. काही जाती लगेच गोळा होऊन बसतात, काही मुंजीतल्या पोरांसारख्या बराच वेळ हुंदडतात.

तिसरा थंडीचा, आणि भाच्याची झोप उडवणारा तो हाच. सातूतली प्रथिनं आणि सातूच्या टरफलातलं व हॉप्सच्या फुलांतलं टॅनिन (चहा फार उकळला की तुरटपणा आणतं ते) थंडी पडली की एकमेकांना बिलगतात. बिअर फ्रिजमध्ये ठेवली की धुकं, बाहेर काढून ठेवली की धुकं गायब! माथेरानला जाऊन आल्यासारखं. चवीला काही नाही, पोटाला काही नाही. पण गार-गरमचा हा खेळ वारंवार केला, तर ते धुकं कायमचं मुक्कामाला येतं, एवढं मात्र खरं.

चौथा जंतूंचा. भांडी नीट धुतली नाहीत की हा घुसतो. बिअर आंबते, वास बदलतो. हा एकटाच खरा गुन्हेगार, आणि गंमत अशी की ह्याच्यावर जगातलं कुठलंही निवळण चालत नाही. बिअर कितीही गाळा, नासलेली ती नासलेलीच. म्हणजे डोळ्याचे सगळे उपचार चालतात ते निरपराध तिघांवर!

बरं, एखाद्याला निवळशंख बिअरच आवडते. आवडू दे. ती मिळवण्याचा सभ्य मार्ग आहे आणि त्याला माझी ना नाही. सातूचं पीठ नीट मुरू द्यावं. चोथा धुताना पाणी 77 अंशांच्या वर तापवू नये, नाहीतर टरफलातलं टॅनिन उतरतं. मग रस तास-दीड तास खळाखळा उकळावा, म्हणजे प्रथिनांच्या गाठी होतात. पाकात चमचाभर दूध घालून आपली आजी मळी वर आणायची, त्यातलाच हा प्रकार. शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं समुद्रातलं तांबूस शेवाळ चिमूटभर टाकावं. उकळी संपली की रस झटपट गार करावा. आणि यीस्टचं काम आटोपल्यावर बिअर शून्याच्या आसपास थंडीत ठेवून आठवडा-दोन आठवडे तिकडे फिरकू नये. जर्मन भाषेत साठवून ठेवण्याला 'लागर्न' म्हणतात. लागर बिअरचं नावच मुळी त्यावरून पडलं. धीर धरणं हा त्या पाककृतीतला जिन्नस आहे.

पण धीर कोणाला आहे? डोळ्याला आत्ताच्या आत्ता पाहिजे!

हा डोळा बिअरमध्ये शिरला तो तसा अलीकडे. शतकानुशतकं लोक दगडी, लाकडी, कथलाच्या पेल्यांतून बिअर प्यायले. आत काय दिसतंय हे बघायला आत डोकं घालावं लागलं असतं. पुढे 1842 साली बोहेमियातल्या पिल्झेन गावात योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिरानं सोनेरी, नितळ बिअर केली. बोहेमिया तर काचेच्या भांड्यांचं माहेरघर. तिकडे इंग्लंडमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला. काच स्वस्त झाली, पेला पारदर्शक झाला आणि जिभेची सद्दी संपली. ग्रोलची बिअर नितळ होती ती चांगली केली म्हणून. लोकांनी अर्थ लावला, नितळ आहे म्हणून चांगली. सगळं पाणी इथे मुरतंय.

आणि घाई झाली की माणूस काय काय घालतो ते ऐका. इंग्लंडात पिंपातली बिअर निवळायला इसिंग्लास वापरायची जुनी चाल. इसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी, आपले कोळी तिला बोत म्हणतात, ती वाळवून केलेला पदार्थ. यीस्टला पकडून तो तळाशी घेऊन जातो. पूर्वी हा माल रशियातल्या स्टर्जन माशाचा यायचा आणि फार महाग पडायचा. 1795 साली विल्यम मरडॉकनं, त्याच त्या गॅसचे दिवे लावणाऱ्या इंजिनिअरनं, स्वस्त कॉड मासा सुचवला आणि लंडनच्या बिअरवाल्यांनी त्याला दोन हजार पौंड मोजले. पुढे 1911 साली लिओ वॉलरस्टाइन यांनी थंडीचं धुकं घालवायला पपईच्या चिकातल्या पेपेनचं पेटंट घेतलं. मटण लुसलुशीत व्हायला आमच्याकडे कच्च्या पपईचा कीस चोळतात, तीच युक्ती. पपईबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं माशाबद्दल आहे.

आणि माशाहून पुढे जिलेटिनबद्दल आहे. ते होतं डुकरा-गुरांच्या कातड्या-हाडांपासून. माझ्या भाच्यानं नेमकं तेच वापरलं. शनिवारी मंडळातली चार मराठी कुटुंबं जेवायला यायची होती. त्यांत एक तात्या. तात्या म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, अंड्याचा केक ओळखून बाजूला सारणारे. पण बिअर "सातूचं पाणी" म्हणून त्यांच्या शास्त्रात बसते. पाहुण्यांपुढे बिअर झळाळली पाहिजे म्हणून भाच्यानं गुरुवारी रात्री जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून बरणीत सोडलं. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "तात्यांना सांगणार ना?"

"मामा, ते सगळं तळाशी बसतं हो. वरच्या बिअरमध्ये काही राहत नाही."

"मग असं कर," मी म्हटलं, "मटणाचा रस्सा कर. फोडी तळाशी बसतात. वरचा रस्सा तात्यांना वाढ."

भाचा गप्प झाला. शनिवारी तात्या आल्याबरोबर मी त्यांना बिअरची सगळी कुळकथा सांगितली. तात्यांनी पेला दुरूनच पाहिला, "दिसते छान," म्हणाले आणि लिंबाचं सरबत घेतलं. त्या सरबतात लिंबाचा गर तरंगत होता. त्याला कोणी नावं ठेवली नाहीत.

आता बोला! कोणाच्या सोयीसाठी चाललंय हे? जिलेटिनानं त्या बिअरच्या चवीत मला तरी रतिभर भर घातलेली कळली नाही. घातली ती डोळ्यासाठी. आणि किंमत मोजणार होते तात्या, तीसुद्धा त्यांच्या नकळत. ही घरातली गोष्ट झाली. बाजारात कोण सांगतो? युरोपीय संघाच्या नियमांत मासा ॲलर्जीच्या यादीत आहे, म्हणून लेबलावर त्याचा उल्लेख लागतो. पण बिअर आणि वाइन निवळायला वापरलेल्या इसिंग्लासला मात्र त्यातून सूट आहे. आणि कमाल बघा, काळी कुळकुळीत गिनेस, जिच्यातून सूर्य दिसायची मारामार, तिच्यातही वर्षानुवर्षं इसिंग्लास पडत होतं! 2015 साली कंपनीनं ते बंद करून नवी गाळणी बसवायचं जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत केलंही. कोणाला फरक कळला? निदान डोळ्याला तर नक्कीच नाही.

आता ह्याच्या उलट टोकाचे शहाणे. अमेरिकेत व्हरमाँटच्या बाजूनं मुद्दाम गढूळ बिअरची टूम निघाली आणि 2018 साली तिथल्या बिअरवाल्यांच्या संघटनेनं तिला आपल्या अधिकृत प्रकारांत जागा दिली. मोसंबीच्या रसासारखी दिसते. चांगलीही लागते. पण मागणी वाढल्यावर काही महाभाग ती आणखी गढूळ दिसावी म्हणून चक्क पीठ घालू लागले! म्हणजे आधी डोळ्यासाठी काढत होते, आता डोळ्यासाठीच घालताहेत. मालक तोच, फक्त हुकूम बदलला. खरी गढूळ बिअर बघायची तर बव्हेरियाची गव्हाची बघा. नावातच 'हेफे', म्हणजे यीस्ट. ती ना निवळते, ना नटते. केळ्या-लवंगेचा वास घेऊन आपली शांत बसलेली असते.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. बिअर करणाऱ्यानं गढूळपणा दिसताच औषध शोधू नये. आधी तो कुठल्या जातीचा ते पाहावं, आणि थंडीचा असेल तर पेला पाच मिनिटं हातात धरावा. निवळ हवीच असेल तर उकळी, थंडी आणि वेळ, ह्या तिघांकडून करून घ्यावी. आणि ज्याला मासा किंवा जिलेटिन टाकायचंच आहे, त्यानं ते पिणाऱ्याला तोंडानं सांगावं, बाटलीवर छापावं. तळाशी बसतं ही सबब चालणार नाही.

आपल्याकडे गढूळ पाणी निवळायला घागरीच्या आतल्या बाजूला निवळीचं बी उगाळत. पावसाळ्यात नदीच्या पाण्याला दुसरा इलाज नव्हता. पण ती निवळी पाण्याला होती, ताकाला नव्हे. ताक गढूळ आहे म्हणून त्यात कोणी निवळी उगाळल्याचं ऐकलंय का तुम्ही?