यंत्रगप्पा : नळी आखूड करू की राहू दे?

मंडळी, "इनटेकच्या नळ्या आखूड करून घ्या, पॉवर वाढते" हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास कानावर पडतं. ते खोटं नाही. फक्त अर्धं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याला पैसे पडतात.

इनटेक रनर म्हणजे मॅनिफोल्डमधून व्हॉल्व्हपर्यंत हवा नेणारी नळी. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, तेव्हा कमी दाबाची एक लाट नळीतून उलटी धावते. मोकळ्या तोंडाशी पोचली की ती जास्त दाबाची होऊन माघारी फिरते. व्हॉल्व्ह मिटायच्या जरा आधी ती परत आली, तर जादा हवा सिलिंडरमध्ये ढकलते. झोपाळ्याला धक्का देतो तसंच. वेळ साधली पाहिजे.

लाटेचा वेग आवाजाचा, सेकंदाला साधारण ३४० मीटर. ३५ सेंटिमीटरच्या नळीत जाऊन-येऊन दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ६००० आरपीएमला क्रँक ७२ अंश फिरतो, २००० ला जेमतेम २४. म्हणजे इंजिन सावकाश फिरत असेल तर लाट फार लवकर परतते, व्हॉल्व्ह मिटायला अजून अवकाश असतो. तिला उशीर व्हावा म्हणून नळी लांब हवी. वेगात फिरणाऱ्याला आखूड.

क्रायस्लरने १९६० च्या ३००एफ गाडीत ३० इंची नळ्या दिल्या होत्या, ताकद ३७५ हॉर्सपॉवर. काही मोजक्या गाड्यांत बाहेरचा साचा तोच ठेवून आतली भिंत कापली. लांबी जणू निम्मी झाली, हॉर्सपॉवर ४०० वर गेली आणि टॉर्क मात्र उतरला! माझ्या मते याहून स्वच्छ प्रयोग सापडणार नाही. माझदाने ७८७बी मध्ये चालत्या इंजिनात नळी लांब-आखूड होण्याची सोयच केली. १९९१ ची ल माँ शर्यत तिनेच जिंकली.

आता आपल्या बेळगावचं बघा. माझ्या भाच्याला नळ्या कापून घ्यायच्या आहेत. त्याची गाडी गावात २००० आरपीएमच्या आसपासच असते, आणि महिन्यातून एकदा गोव्याहून परत येताना चार माणसं नि डिकीभर नारळ घेऊन चोर्ला घाट चढते. तिथे खालचा टॉर्क लागतो, नेमका तोच कापला जाणार. मी म्हटलं, बाबा, नळी राहू दे. त्या पैशात आधी क्लच बघून घे, मागच्या खेपेला चढावर वास येत होता.