विलीनीकरण : समानांचे मीलन की नावांचे विसर्जन?

१/७ अमेरिकन महाविद्यालयांतील ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारे विद्यार्थ्यांचे बंधुसंघ. त्यांच्या विलीनीकरणाचा इतिहास ‘दोन समान संघ एकत्र आले’ या गोड वाक्यात गुंडाळला जातो. मित्रहो, हे वाक्य मला मान्य नाही.

२/७ पाच नावे ध्यानात ठेवा. झीटा बीटा टाऊ (१८९८), फाय एप्सिलॉन पाय (१९०४), फाय सिग्मा डेल्टा (१९०९), काप्पा नू (१९११), फाय अल्फा (१९१४). सदस्य बहुतांशी ज्यू. कारण उघड आहे : जुन्या संघांपैकी बहुतेकांची दारे ज्यू विद्यार्थ्यांना बंद होती; कित्येकांच्या घटनेतच तसे कलम होते.

३/७ १९५९ मध्ये फाय अल्फा फाय सिग्मा डेल्टात विलीन झाली. १९६१ मध्ये काप्पा नू फाय एप्सिलॉन पायमध्ये गेली. १९६९-७० मध्ये उरलेल्या दोघी झीटा बीटा टाऊत सामावल्या. सुमारे अकरा वर्षांत पाचांची एक!

४/७ प्रचलित स्पष्टीकरण असे : साठच्या दशकातील बंडखोर तरुणाईला या संघांचा वीट आला. हे अर्धसत्य आहे. पहिली दोन विलीनीकरणे त्या लाटेच्या आधीची आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर वगळणुकीची कलमे एकामागून एक गळू लागली. झीटा बीटा टाऊनेही १९५४ मध्ये धर्माची अट सोडली. दारे उघडली, तशी वेगळ्या आश्रयाची निकड ओसरली.

५/७ प्रत्येक विलीनीकरणाचे कारण हेच, असे मात्र नव्हे. १९२४ ची थीटा काप्पा नू १९३९ मध्ये लॅम्डा काय अल्फात गेली, तेव्हा पाठीमागे महामंदीचे दशक होते. कारणे भिन्न, शब्द मात्र एकच वापरला जातो.

६/७ आणि परिणामही एकच. दोन्ही प्रसंगी नवे संयुक्त नाव घेतले गेले नाही. एक नाव टिकले, बाकीची मिटली. टिकलेला संघ मिटलेल्यांचा वारसा आदराने सांगतो, हे मान्य. पण वारसा सांगणारा आणि ज्याचा वारसा सांगितला जातो तो, हे समान कसे?

७/७ १९११ मध्ये रॉचेस्टरला जमलेल्या मुलांनी काप्पा नू स्थापली होती, झीटा बीटा टाऊ नव्हे. म्हणून इतिहास वाचताना स्थापनेचे वर्ष पाहा आणि त्या वर्षी नाव काय होते, तेही विचारा. ज्यांना दार नाकारले गेले, त्यांनी स्वतः घेतलेले नाव तरी आपण पुसू नये.