नारिंगी गणवेशातील महापौरांस

श्रीयुत जुआंव दोरिया,
माजी महापौर, साओ पावलो, यांस



आपला आणि माझा परिचय नाही, आणि यापुढे व्हावा असा योगही दिसत नाही. तथापि पत्रास आरंभ करताना आपले नाव मी मुद्दाम गोमंतकी वळणाने लिहिले आहे. कारण जुआंव हे नाव आमच्या पश्चिम किनाऱ्यावर परके नसून, दर वर्षी जूनच्या २४ तारखेस त्या नावाच्या संताच्या सणाला गोव्यातील तरुण डोईवर पानाफुलांची कोपेल चढवून, पावसाने भरत आलेल्या विहिरींत हर्षभराने उड्या घेतात. तेव्हा त्या नावाच्या एका गृहस्थाने लोकप्रियतेच्या काठावरून राजकारणात घेतलेली उडी आम्हांस अगदीच अनोळखी वाटू नये, हे स्वाभाविक होय.

माझा अधिकार म्हणाल तर एवढाच, की एका शहराच्या महापालिकेत मी तीसएक वर्षे कारकुनी केली. आवक-जावकाच्या वह्या, टिपण्या, शेरे, हजेरीपट आणि निविदांचे लखोटे यांत उमेदीची वर्षे गेली, आणि त्या अवधीत आलेगेलेले महापौर मोजू म्हटले तर दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. आमचे महापौर म्हणजे शोभेचे धनी. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने शहराच्या कारभाराची मुखत्यारी आयुक्ताच्या हाती सोपवली, आणि सभागृहातील उच्चासन, स्वागताचे गुच्छ व मानपत्राखालची सही एवढे महापौराच्या वाट्यास ठेवले. पुढे राज्यातील इतर शहरांनीही साधारण तोच कित्ता गिरवला. त्यामुळे सुमारे १ कोटी २० लाख वस्तीच्या नगरीची तिजोरी, शाळा, दवाखाने आणि रस्ते यांवर प्रत्यक्ष हुकमत चालवणारा आणि लोकांनी थेट निवडून दिलेला आपल्यासारखा महापौर पाहिला, की माझ्यासारख्या जुन्या कारकुनास, देवळातील उत्सवमूर्तीने एकाएकी उठून गाभाऱ्याच्या किल्ल्या मागाव्यात तसे काहीसे वाटते.

आपली निवड झाली २०१६ साली, २ ऑक्टोबर रोजी. त्या दिवशी आमच्याकडे गांधीजयंती असते आणि दोन वर्षांपूर्वी त्याच मुहूर्तावर आमच्या सरकारने देशभर झाडू हाती घेण्याची मोहीम काढली होती. हा निव्वळ योगायोग, पण पुढे जे घडले ते पाहता लक्षात राहण्याजोगा. पदावर असलेले महापौर फेर्नांदो आदाद यांस पहिल्याच फेरीत, ५३ टक्क्यांहून अधिक मते घेऊन आपण पराभूत केले, आणि दोन फेऱ्यांची पद्धत सुरू झाल्यापासून आपल्या नगरीत असे प्रथमच घडले. गैरहजर, कोऱ्या आणि बाद मतांची बेरीज मात्र आपल्या मतांहून किंचित अधिक भरली. विजयाच्या धामधुमीत असे आकडे कोणी उच्चारीत नाही, पण ते दप्तरात राहतात, आणि मी दप्तराचा माणूस आहे.

लोकांस आपण सांगितलेत की, मी राजकारणी नव्हे, मी व्यवस्थापक. हे वाक्य ज्या घराण्यातून आले त्या घराण्याची कथा मला त्या वाक्याहून अधिक मनोवेधक वाटते. आपले वडील जाहिरातीच्या धंद्यातले. जून महिन्यात दुकानांचा खप मंदावतो म्हणून १९४९ च्या सुमारास त्यांनी संत अंतोनीच्या सणाचा आदला दिवस, म्हणजे १२ जून, प्रेमिकांचा दिवस म्हणून रूढ केला, आणि आज सारा ब्राझील तो दिवस जणू अनादि परंपरेचा असल्याप्रमाणे पाळतो. पुढे ते लोकप्रतिनिधी झाले, आणि १९६४ च्या लष्करी उठावानंतर पद जाऊन त्यांस परागंदा व्हावे लागले. पंचांगात नवा सण घुसवण्याइतके जाहिरातीचे सामर्थ्य आणि घरदार सोडावयास लावण्याइतका राजसत्तेचा कोप, ही दोन्ही ज्या बालकाने आपल्याच घरात पाहिली, त्याने मोठेपणी राजकारणी म्हणवून घेण्यास नकार द्यावा हे मी समजू शकतो. पण १९८० च्या दशकात आपण प्रथम नगरीच्या आणि नंतर देशाच्या पर्यटन खात्याचा कारभार पाहिला होता, तेव्हा सरकारदरबारचा उंबरठा आपणांस अगदी नवा होता असेही नव्हे. मध्यंतरी आपण उद्योगपतींचा मेळा जमवला, दूरचित्रवाणीवर त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि २०१० व २०११ साली त्या प्रसिद्ध कार्यक्रमाचे यजमान झालात, ज्यात उमेदवारांची परीक्षा घेऊन भागाच्या अखेरीस एकास, तुला काढून टाकले आहे, असे सांगून घरी पाठवण्यात येते. या शेवटच्या वाक्याकडे मला पुन्हा वळावयाचे आहे.

२०१७ च्या जानेवारीची २ तारीख. पदग्रहणास एक दिवस झाला होता. भल्या पहाटे ‘१४ बिस’ नावाच्या चौकात आपण आपल्या खातेप्रमुखांसह सफाई कामगारांचा नारिंगी गणवेश घालून, हाती झाडू घेऊन उभे राहिलात, आणि ‘सुंदर नगरी’ या मोहिमेची ती छायाचित्रे जगभर गेली. आमच्या एका वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मीही ती पाहिली, आणि मला एक जुनी टिपणी आठवली.

त्याचे असे झाले. आमच्या शहरात अशाच एका स्वच्छता मोहिमेच्या उद्घाटनास बडे पाहुणे यावयाचे होते, आणि हद्दीच्या अधिकाऱ्यांनी चोख बंदोबस्त म्हणून तो रस्ता आदल्या रात्री दोनदा झाडून धुऊनही काढला होता. सकाळी ध्यानात आले की पाहुण्यांनी झाडावे असे त्या रस्त्यावर काही उरलेच नाही. तेव्हा उद्यान खात्याकडून दोन पोती सुकी पाने तातडीने आणवण्याचा तोंडी हुकूम सुटला, आणि पुढे हिशेबतपासनीसाने हरकत काढू नये म्हणून, ‘कार्यक्रमासाठी आवश्यक तो पालापाचोळा’ अशी टिपणी मला लिहावी लागली. तीवर यथावकाश ‘मंजूर’ असा शेराही पडला. पाने सागाची होती, कारण लहान पाने छायाचित्रात उठत नाहीत. पाहुण्यांनी खराटा हातात घेतला आणि क्रिकेटची बॅट फिरवावी तसा फिरवला, त्यासरशी धुळीचा लोट उठला व मंडळी मागे सरली. कडेला उभी असलेली आमची एक झाडूवाली माझ्याजवळ हलकेच म्हणाली, ‘‘सायेब, खराटा जमिनीला टेकवून वढायचा असतो, वाऱ्यावर मारायचा नसतो.’’ पाहुणे गेल्यावर तिने ती पाने पाच मिनिटांत ओढून एका ढिगात आणली, दोन फळकुटांच्या मध्ये दाबून उचलली, गाडीत टाकली आणि पुढच्या गल्लीत निघून गेली.

आपल्या चौकातील कचरा तेथलाच असेल, याविषयी मी शंका घेत नाही. झाडू हातात घेणाऱ्याची टवाळी करावी असेही नाही, कारण आमच्याच प्रांतात गाडगे महाराज होऊन गेले, जे गावात शिरताच प्रथम खराटा हाती घेत, दिवसभर गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. आधी झाडणे आणि मग बोलणे हा त्यांचा क्रम होता. आपल्या देशात सफाई कामगारास ‘गारी’ म्हणतात असे वाचनात आले, आणि त्या शब्दाचे मूळ पाहता मी क्षणभर थबकलो. एकोणिसाव्या शतकात रिओ नगरीच्या सफाईचा मक्ता आलेशो गारी नावाच्या एका व्यापाऱ्याने घेतला होता, आणि त्या मक्तेदाराचेच नाव झाडणाऱ्यांस चिकटले. झाडले त्यांनी, नाव राहिले मक्तेदाराचे!

पण माझी खरी तक्रार झाडूविषयी नाही. आपल्या आधीच्या महापौरांच्या परवानगीने ‘२३ मे’ नामक हमरस्त्याच्या भिंतींवर चित्रकारांनी जी विशाल भित्तिचित्रे रंगवली होती, त्यांतील पुष्कळांवर आपल्या मोहिमेत करडा रंग फासला गेला, आणि रंग उडवण्याचे यंत्र आपणही हाती घेतले. त्याच जानेवारीच्या २५ तारखेस, नगरीच्या वाढदिवशी, नदीकाठच्या दोन्ही महामार्गांवरील जलद मार्गिकांची वेगमर्यादा ताशी ७० वरून ९० किलोमीटर झाली. ‘वेग घ्या’ हे आपले घोषवाक्यच होते. एक पुसायचे, दुसरे पळवायचे, आणि दोन्ही महिनाभरात. हे सर्व पडद्यावर उत्तम दिसते, यात संशय नाही.

आणि मग मे महिना उजाडला. लूझ स्थानकाच्या परिसरातील ‘क्राकोलांदिया’ या वस्तीत, जेथे अमली पदार्थांच्या आहारी गेलेली शेकडो माणसे उघड्यावर राहत, २१ तारखेच्या रविवारी शेकडो पोलीस घुसले, आणि क्राकोलांदिया संपली, अशी घोषणा आपण केलीत. दोनच दिवसांनी तेथील भाड्याच्या खोल्यांच्या एका घराची भिंत पाडताना आत माणसे असल्याचे यंत्रावरच्यांस कळले नाही, आणि तिघे जखमी झाले. संपलेली वस्ती मात्र काही शे मीटरांवरच्या प्रिन्सेसा इझाबेल चौकात जाऊन बसली. येथे मला आपल्या कार्यक्रमातील ते शेवटचे वाक्य आठवते. ज्यास काढून टाकले तो उमेदवार आपली पेटी उचलून दाराबाहेर जातो आणि पुढच्या भागात दिसत नाही, ही त्या खेळाची अट आहे. नगरीस मात्र दार नसते. महापौरास खातेप्रमुख बदलता येतो, मक्तेदार बदलता येतो, फार काय, घोषवाक्यही बदलता येते, परंतु रहिवासी बदलता येत नाही. तो या चौकातून उठला की त्या चौकात बसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची भूक, त्याचे व्यसन आणि त्याची लाज पुन्हा त्याच महापौराच्या दप्तरी दाखल होतात. तीस वर्षांत मी एकच अर्ज पुनःपुन्हा नव्या क्रमांकाने नोंदला आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुदत संपत आलेल्या अन्नापासून बनवलेली एक भुकटी गरिबांस देण्याची योजना निघाली, लोकांनी तिला माणसांचे पशुखाद्य म्हटले, आणि ती गुंडाळली गेली. त्याविषयी अधिक लिहून आपणांस खिजवण्याची इच्छा नाही.

उलट एक गोष्ट आपल्या पदरात निःसंकोच टाकली पाहिजे. वैद्यकीय तपासण्यांसाठी पावणेपाच लाखांवर माणसे प्रतीक्षायादीत खोळंबली होती, आणि खासगी रुग्णालयांतील यंत्रे रात्री रिकामी असतात हे हेरून आपण त्या वेळा गरिबांकरिता घेतल्या. या योजनेचे नाव ‘कोरुजांव’, म्हणजे मोठे घुबड. आपल्याकडे दूरचित्रवाणीवर मध्यरात्री दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांचेही तेच नाव असल्याचे कळते. घुबडास आमच्याकडे अशुभ मानतात, पण रात्री दोन वाजता का होईना, आपला क्रमांक लागलेल्या म्हाताऱ्यास ते शुभशकुनच वाटले असणार. हा खरा कारभार. बैठकीतील चार तक्त्यांपलीकडे त्यात पाहण्यासारखे काही नसते.

आणि इतके झाल्यावर आपण निघून गेलात. चारही वर्षे पुरी करीन असे अभिवचन दिले असताना, २०१८ च्या एप्रिलमध्ये, पंधरा महिने भरताच, राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीसाठी राजीनामा देऊन कारभार आपण उपमहापौर ब्रूनो कोवास यांच्या हाती सोपवलात. आपल्याच पक्षाच्या जोझे सेरा यांनी बारा वर्षांपूर्वी नेमके असेच केले होते, तेव्हा नगरीस याची सवय असावी. आपण झाडलेल्या त्या चौकाचे ‘१४ बिस’ हे नाव आपल्या सान्तोस-द्युमों यांच्या विमानाचे. १९०६ साली ते पॅरिसमध्ये प्रथम ६० मीटर उडाले आणि उतरले. चौकाची निवड सार्थ ठरली म्हणावयाची. उलट आमच्या मुंबईत महापालिकेच्या दारासमोर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. हा मनुष्य काँग्रेसचा अध्यक्ष झाला, कायदेमंडळात गाजला, तरी १९१५ साली मृत्यूने नेईतो जवळपास चार दशके महापालिकेच्या त्याच त्या सभागृहात गटारे, पाणीपट्टी आणि शाळांच्या अनुदानावर वाद घालीत राहिला. आपण २०१८ ची निवडणूक ५१.७५ टक्क्यांनी जिंकलीत, पण जिचे आपण महापौर होता त्या नगरीने बहुमत आपल्या प्रतिस्पर्ध्यास दिले. तिने आपणांस काढून टाकले, असे मी म्हणणार नाही. तिच्या मनात ते वाक्य आले असेल, एवढेच.

आता आपल्या चरित्रातील ज्या पानापाशी मी टोपी काढतो ते पान. २०२१ च्या जानेवारीची १७ तारीख, रविवार: औषध-नियामकांची संमती मिळताच काही मिनिटांत मोनिका कालाझांस या परिचारिकेस ब्राझीलमधील कोविडची पहिली लस टोचली गेली, आणि राज्याचे प्रमुख म्हणून आपण शेजारी उभे होता. आपल्या केंद्र सरकारचे विमान तेव्हा आमच्या पुण्याच्या लसीसाठी खोळंबले होते. ते वीस लाख डोस २२ तारखेस आपल्याच राज्यात उतरले. ज्यामुळे आपण पाच दिवस पुढे राहिलात ती ब्युतांतान संस्था १९०१ सालची. सांतोस बंदरात १८९९ साली प्लेग आला, त्यातून ती जन्मली. आणि आमच्या परळची हाफकिन संस्थाही त्याच १८९९ सालची, त्याच प्लेगाचे अपत्य. दोन्हीकडे सापांचे विष काढीत, घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार करीत पिढ्यान्‌पिढ्या माणसे झिजली. त्या छायाचित्रात आपल्यामागे ती एकशेवीस वर्षे उभी होती. वेग घेण्याची आज्ञा त्यांस कोणी कधी केली नव्हती.

पुढे २०२२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून आपण माघार घेतलीत, पक्षही सोडलात आणि आपल्या व्यवसायात परतलात. आता आपणांस उसंत असेल, म्हणून एक बारीकसे काम सुचवतो. आमच्याकडे नोकर पायउतार झाला की सरकारी चिजा भांडारात जमा कराव्या लागतात, आणि भांडारपालाची पावती जोडल्याखेरीज ना-देणी दाखला मिळत नाही. त्या २ जानेवारीचा नारिंगी गणवेश नगरीच्या भांडारात परत गेला की नाही, हे एकदा पाहून घ्यावे. कोणा झाडणाऱ्याच्या अंगास तो येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कारकून