सातबारा नाही म्हणून जामीन नाही



गेल्या महिन्यात आपला मोर्चा मुंबईला गेला. तुमच्यातले बरेच जण होते. मोर्चा संपल्यावर रस्त्यात बसलो म्हणून आपल्या नऊ जणांना धरलं. रात्र लॉकपमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. आम्ही बाहेर बाकड्यावर दोन तास बसून होतो आणि आतलं काम पाच मिनिटांत उरकलं. साहेबांनी जामीन दिला. प्रत्येकी पाचशे रुपये आणि एक जामीनदार. आम्हाला वाटलं, सुटले सगळे. पण कोणीच सुटलं नाही.

कारण जामीनदार कसा पाहिजे? मुंबईचा रेशनकार्डवाला पाहिजे, खोलीची पावती असलेला पाहिजे, नाहीतर नावावर जमीन असलेला पाहिजे. आपल्यातला एक आजा पुढे झाला. म्हणाला, "मी राहतो जामीन. माझी दोन एकर जमीन हाय." कारकुनाने विचारलं, सातबारा कुठे आहे? आज्याने कमरेची पिशवी सोडली आणि फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या टेबलावर ठेवल्या. एक पावती तर त्याच्या बापाच्या नावाची होती. कारकून हसला नाही, ओरडला पण नाही. कागद तेवढे परत सरकवले.

साथींनो, इथेच सगळी गोम आहे. जमिनीचा कागद नाही म्हणून मोर्चा. मोर्चा काढला म्हणून अटक. आणि अटकेतून सुटायला पुन्हा तोच कागद पाहिजे! श्रीमंत माणूस गुन्हा करून संध्याकाळी घरी जेवतो. आपला माणूस जामीन मिळूनही आत राहतो. ह्याला शिक्षा म्हणत नाहीत, पण दुसरं काय म्हणायचं?

शेवटी लालबागच्या एका चाळीतले गिरणी कामगार काका आले. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. हाताला काम नाही, पण खोलीची भाडेपावती होती आणि रेशनकार्ड होतं. त्यांनी शेजारचे दोघे आणले. तिघांनी मिळून आपली नऊ माणसं सोडवली. तोवर आणखी दोन रात्री आत गेल्या होत्या. पाड्यावर भाताची लावणी चालू होती.

परळ-लालबागच्या कामगारांना कोर्ट नवीन नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत पकडलं. जामिनाचा अर्ज हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे गेला, त्यांनी नाकारला. गंमत बघा. १८९७ साली टिळकांवर असाच खटला झाला तेव्हा हेच दावर टिळकांचे वकील होते. तेव्हा त्यांनी जामीन मागितला होता आणि न्यायमूर्ती तय्यबजींनी तो दिला होता. माणूस तोच, आरोप तोच, फक्त दावर बसायची जागा बदलली. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लष्कराच्या गोळ्या खाल्ल्या. जामीन हा कायद्यात एक आणि खुर्चीवर दुसरा, ही गोष्ट एवढी जुनी आहे. टिळकांसारख्या माणसाची ही गत, तर पाड्यावरच्या माणसाचं काय!

आता काही साथी म्हणतात, कोर्ट पैसेवाल्यांचं, तिकडे बघायचंच नाही. काही म्हणतात, एकदा हायकोर्टात गेलो की सगळं होईल. आम्हाला दोन्ही पटत नाही. हायकोर्टाची दगडी इमारत बघून मान दुखते, पण आपल्या माणसाची सुटका तिथे सहसा ठरत नाही. ती ठरते किल्ला कोर्टात, गिरगावात, भोईवाड्यात, नाहीतर आपल्या तालुक्याच्या कौलारू कोर्टात. पहिल्या पाच मिनिटांत. तिथे आपण गप्प उभे राहतो, खाली बघतो, आणि साहेबांसमोरच्या कागदावर पोलिसाने लिहिलेलं तेवढंच असतं. साहेबांपुढे दिवसाला ढीगभर नावं असतात. जो बोलत नाही तो त्यांना दिसत नाही.

आणि कायदा काय म्हणतो? मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. १९७८ साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की हे चालणार नाही. गरिबाला झेपणार नाही एवढी रक्कम मागू नये, जामीनदार परजिल्ह्यातला म्हणून नाकारू नये. मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायचा हुकूम झाला. जातमुचलका म्हणजे काय, तर माणसाने स्वतःच लिहून द्यायचं की तारखेला हजर राहीन. दुसरा जामीनदार नको, सातबारा नको. फौजदारी कायद्यातच ही सोय आहे. पण मागितल्याशिवाय कोण देतो?

दुसरी गोष्ट पण समजून घ्या. मॅजिस्ट्रेट दोन प्रकारचे असतात. १ एप्रिल १९७४ पासून तेव्हाचा नवा फौजदारी कायदा लागू झाला. गुन्ह्याचा खटला चालवतो तो न्यायखात्याचा मॅजिस्ट्रेट. मुंबईत त्याला पूर्वी मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट म्हणत. पण तहसीलदार आणि प्रांत हे पण मॅजिस्ट्रेट असतात, ते सरकारचे. आपल्यावर चॅप्टर केस होते, शांततेचा मुचलका लिहून घेतात, ती त्यांच्यापुढे. म्हणजे बघा, सातबाऱ्याचं दप्तर तहसीलदाराकडे, जामिनाला लागणारा ऐपतीचा दाखला तहसीलदाराकडे, आणि जमीन मागितली म्हणून चॅप्टर केस पण तहसीलदाराकडेच. एकाच टेबलावर तिन्ही कागद! न्याय आणि कारभार वेगळे ठेवा असं घटनेच्या ५० व्या कलमात लिहिलंय. आपल्या तालुक्याला ते अजून पोचायचं आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं, की जमिनीच्या लढ्यात जामिनाचा लढा पण धरायला पाहिजे. पाड्यापाड्यावर हे बोला:

१) पकडल्याची वेळ लक्षात ठेवा. वाटेतला प्रवास सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायलाच पाहिजे. फॉरेस्टवाल्यांनी धरलं तरी विनाकारण उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडे किंवा पोलीस ठाण्यात न्यायचं असतं. त्यांच्या ऑफिसात दिवसरात्र बसवून ठेवायचं नाही.

२) मारलं असेल तर पहिल्याच वेळी सांगा, डॉक्टरची तपासणी मागा. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी जेलमधल्या बायांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. त्यावर १९८३ साली हुकूम झाला की मारहाणीची तक्रार आहे का, हे मॅजिस्ट्रेटने आपण होऊन विचारायचं. बायांची वेगळी कोठडी, पहाऱ्याला बाई पोलीस, हे पण त्याच हुकमात आहे.

३) वकील नसेल तर तसं सांगा. गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि हे सांगायचं काम पण मॅजिस्ट्रेटचंच.

४) जामीनदार नाही, जातमुचलक्यावर सोडा, हे वाक्य पाठ करा. बायांनी, पोरांनी, सगळ्यांनी.

५) कुळकायद्यात ज्यांच्या नावावर जमीन झाली त्यांनी सातबाऱ्याची नक्कल काढून ठेवावी आणि जामिनाच्या यादीत नाव द्यावं. ज्याच्याकडे कागद आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी उभं राहायचं. लालबागच्या काकांना आपलं गाव कुठे ते पण माहीत नव्हतं, तरी ते राहिले.

आणि सरकारकडे आपली मागणी साधी आहे. जमिनीसाठी शांततेने बसलेल्या माणसाला जातमुचलक्यावर सोडा. दंडाच्या पावत्या दंड घेताना चालतात, तर तो माणूस कुठला आणि जमीन कोण कसतो हे सांगायला पण त्या चालल्या पाहिजेत.

आज्याची पिशवी परत त्याच्या कमरेला आहे. पुढची तारीख आहे तेव्हा तो त्याच पावत्या घेऊन येणार म्हणतो. आपण पण जाऊ. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, मागच्या बाकड्यावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. बाकडी भरून बसू आणि आपल्या माणसाला बोलायला लावू.

जोहार. जिंदाबाद.