दोन मिलिमीटरांचे अंतर

‘कालबाह्य’ हा शब्द आपल्या समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. एखादी कृती कालबाह्य झाली म्हणजे तिच्यातले नेमके काय निकामी झाले, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. जुन्या मॅन्युअल टेलिफोटो लेन्सचा इतिहास या बाबतीत आम्हांस उद्बोधक वाटतो.

कॅननने १९७१ साली एफडी जातीच्या लेन्स आणल्या. १९८५ साली मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने स्वयंचलित फोकस लोकप्रिय केला आणि १९८७ साली कॅननने ईएफ ही नवी जोडणी स्वीकारली. लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यातील अंतर एफडीमध्ये ४२ मिमी होते. ईएफमध्ये ते ४४ मिमी झाले. एवढ्या फरकाने एफडी लेन्स अनाथ झाल्या. नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स फिल्मपासून जरुरीपेक्षा दूर राही. तिला जवळचे दिसे, पण तिचा फोकस अनंतापर्यंत पोहोचत नसे. दूरचे पाहण्यासाठीच घडवलेल्या २०० मिमीच्या लेन्सला दूरचेच दिसेनासे व्हावे, हा दैवदुर्विलासच! उपाय म्हणून अॅडॅप्टरमध्ये एक सुधारक भिंग बसवत. त्याने अनंत परत मिळे, पण प्रतिमेचा कस उतरे.

पुढे आरसा नसलेले कॅमेरे आले. आरसा गेल्याने बैठक सेन्सरच्या जवळ सरकली. २०१० साली आलेल्या सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर केवळ १८ मिमी आहे. मग ४२ मधून १८ वजा जाता उरणाऱ्या २४ मिमीचे एक पोकळ कडे मध्ये घातले की काम भागते. २०१८ साली खुद्द कॅननने २० मिमीची आरएफ जोडणी आणली आणि अनाथ लेन्सना मूळ घराचे दारही उघडले. या साऱ्या काळात काच तीच होती. बिघडली होती ती जोडणी.

या लेन्सच्या चाहत्यांशी मात्र आमचा एक मतभेद आहे. प्रकाशाचे ओघळ आणि जांभळ्या कडा यांनाच ते ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतात. दोषांचे असे देव्हारे माजवणे हा स्मरणरंजनाचाच प्रकार होय. जुन्या लेन्सचे खरे देणे तिच्या मागणीत आहे. २०० मिमीची लेन्स एफ/४ वर उघडी ठेवून पाच मीटरवरच्या माणसाकडे रोखली, तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १५ सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरही नसतो. डोळा स्पष्ट हवा की कान, हे हातानेच ठरवावे लागते. नवा कॅमेरा प्रतिमा मोठी करून दाखवतो, स्पष्ट कडा रंगवून दाखवतो. निवड मात्र आपली. उडत्या पक्ष्यामागे धावताना स्वयंचलित फोकसच बरा, हेही मान्य केले पाहिजे. प्रत्येक प्रसंगी जुन्याचा हट्ट धरणे हा आडमुठेपणा ठरेल.

साहित्याच्या अध्यापनात आपण कोणता अॅडॅप्टर वापरतो, हा आमचा खरा प्रश्न आहे. ‘लीळाचरित्र’ किंवा ‘ज्ञानेश्वरी’ आजच्या विद्यार्थ्याला थेट वाचता येत नाही, हे खरे. शब्दार्थ, पाठभेद, व्याकरणाची टीप हे पोकळ कडे झाले. ते अंतर जुळवते आणि पाहण्याचे काम मूळ संहितेवर सोपवते. सुलभ रूपांतर आणि तयार सारांश हे सुधारक भिंग. त्यातून काहीतरी दिसते खरे, पण त्या काचेतून गाळलेले. पोकळ कड्यालाही माप असतेच. ते जाड झाले की अनंत पुन्हा हातचे जाते. टीपांचे ओझे वाढवणाऱ्या संपादकांनीही हे ध्यानी ठेवावे.

तेव्हा एखादा ग्रंथ अभ्यासक्रमातून ‘कालबाह्य’ म्हणून वगळण्यापूर्वी, काच खराब झाली आहे की आपली बैठक बदलली आहे, एवढे तरी तपासून पाहावे. दोन मिलिमीटरांच्या फरकासाठी ग्रंथ अडगळीत टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.