आपले गाव कागदावर उतरू द्या

‘निसर्गचित्र काढा’ असे सांगताच आमच्या बहुतेक निवासी विद्यार्थ्यांच्या कागदावर एकच देखावा उमटतो : दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, वळणाची नदी, लाल कौलांचे घर आणि दोन नारळ. शहापूर, मुरबाड, वाड्याकडून आलेल्या मुलांनी हा देखावा पाहिलेला नसतो. पाठ केलेला असतो. त्यात भाताची खाचरे नसतात, हातपंपावरची रांग नसते, आणि गावकुसाकडची आपली वस्ती तर नसतेच. ज्या मुलाला स्वतःचे घर चित्रात घेण्याजोगे वाटत नाही, त्याच्या शिक्षणात काही उणे राहिले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर उपाय म्हणून आम्ही जलरंगाचा आग्रह धरतो. जलरंगात पाठांतर चालत नाही. आभाळासाठी कागद ओला केला की रंग आपल्या मर्जीने पसरतो. त्याला कोठे आवरायचे, हे पाहूनच ठरवावे लागते. येथे पांढरा रंग म्हणजे कोरा सोडलेला कागद. म्हणून उजेड कोठे आहे, हे कुंचला टेकविण्यापूर्वीच ओळखावे लागते. फिकट आधी, गडद नंतर. दूरचा डोंगर निळसर व पुसट, जवळचा बांध ठळक, एवढ्यानेच चित्रात पावसाळी हवा भरते. चुकलेला हात मात्र पुरता पुसता येत नाही. त्याला सांभाळूनच पुढे जावे लागते.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईत कला शिकले. पण परत येऊन त्यांनी आपल्याच गावचे कोटितीर्थ पुनःपुन्हा रंगविले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते निवर्तले. विषयासाठी त्यांना दूर जावे लागले नाही.

नारपोलीत रंगवावे तरी काय, असे कोणी विचारील. यंत्रमागांच्या पत्र्यांवरून निथळणारे पाणी, गोदामांमागून चढणारे काळे ढग, कामवारी नदीच्या काठचे सकाळचे धुरकट ऊन, हे काय थोडे आहे? एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील श्रेणीचे मोल आम्ही जाणतो. तथापि आठवड्यातून एक तास मुलांना फळ्यापुढून उठवून फाटकाबाहेर न्यावे आणि सुटीत घरी जाताना प्रत्येकाच्या हाती चार कागद व रंगांची डबी द्यावी, अशी संस्थेस आमची विनंती आहे. पुढील स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर एखाद्या मुलाची स्वतःची वस्ती दिसावी.